ज्याची त्याची बादली

मावशी, तू मला आयुष्यात एकदाच घराबाहेर उभं केलंस. चोरी केली नव्हती, दारू प्यायलो नव्हतो. गल्लीतला कचरा उचलला होता. तेवढ्यासाठी तू दाराला आतून कडी लावलीस आणि मी, घराण्यात पहिलाच बी.ए.ला गेलेला, सकाळपासून दुपारपर्यंत तुझ्या पायरीवर बसून राहिलो. येणारेजाणारे पाहत होते. त्या दिवशी तुझा जो राग आला होता, त्यातला थोडासा अजून शिल्लक आहे. तुझ्याशी बोलून तो संपवायचा राहिला, म्हणून हे लिहितो आहे.

तुझा जन्म कुठला, तू किती वर्षं जिनमध्ये कापूस निवडलास, मागे कोण कोण आहे, हे सांगणारे परवा तू गेल्यानंतरच्या जलदानाच्या दिवशी पुष्कळ होते. चांगलं बोलले. तुला कष्टाळू म्हणाले, प्रेमळ म्हणाले. कष्टाळू तर तू होतीसच. प्रेमळ म्हणाले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती कडी आली.

तळेगावहून बाबांनी मला वर्ध्याच्या कॉलेजात घातलं ते तुझ्याच भरवशावर. आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. सिंदी मेघेच्या नव्या ले-आऊटमध्ये तुझं दोन खोल्यांचं कवेलूच्या छपराचं घर, गल्लीत एकूण आठ घरं, आणि त्यात बौद्धाचं आपलं एकच. आठ घरांच्या मध्ये बगिच्यासाठी म्हणून एक जागा सोडलेली होती. बगिचा कोणी केला नाही, उकिरडा मात्र सगळ्यांनी मिळून केला. राख, साली, चिंध्या, कोंबडीची पिसं, फुटक्या बाटल्या, सगळं तिथंच. गावाकडचा उकिरडा ज्याचा त्याचा असतो. त्याचं खत वावरात जातं, दिवाळीला त्याच्यावर दिवा ठेवतात. हा कोणाचाच नव्हता. आम्ही सगळे गावाहून आलेले, फेकायची सवय सोबत घेऊन आलो आणि वावर गावातच राहिलं. मग डुकरं आली, माशा आल्या, पावसाळ्यात लेकरं हगवणीनं आडवी झाली.

तेव्हा बाबूजींच्या ओट्यावर मीटिंग झाली होती. बाबूजी म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातले कारकून. कचेरीत काम करतात म्हणून सगळी गल्ली त्यांना बाबूजी म्हणायची आणि त्यांचं ऐकायची. ते म्हणाले, एक माणूस लावू, रोज येऊन उचलून नेईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग ते तुझ्याकडे वळले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "सुभद्राबाई, तुमच्यातलं कोणी भेटल का हो? तुमच्या ओळखीत असलंच कोणी."

वाईट हेतू नव्हता त्यांचा. म्हणूनच जास्त लागलं. मी ताडकन उठलो. तू माझ्या सदऱ्याचं टोक धरून मला खाली बसवलंस. डोक्यावरचा पदर नीट केलास आणि बोललीस.

"आमच्यातलं कोनी नाई भेटनार, बाबूजी. तुमच्यातलं बी कोनी नाई भेटनार. ज्याचं त्यानं उचलाव."

मीटिंग तिथंच संपली. घरी आल्यावर मी तुझ्याशी भांडलो. म्हटलं, मावशी, आता त्या जागेकडे पाहायचंसुद्धा नाही. आपल्या लोकांनी ढोरं ओढायचं सोडलं, पाटी उचलायची सोडली, धम्म घेतला तो कशासाठी? राहू दे त्यांना त्यांच्या घाणीत. तू चुलीपुढे बसून भाकर थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "दुसऱ्याचं उचलनं सोडलं आपन. आपलं उचलनं कधी सोडलं?"

याचं उत्तर माझ्या पदवीच्या पुस्तकांत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तू कुदळ घेऊन त्या जागेच्या कडेला खड्डा खणायला लागलीस. मी लाजेकाजेनं मदत केली, तीही अंधार पडल्यावर मुरूम उपसण्यापुरती. छातीइतका खोल खड्डा झाला. मग तुझं रोजचं सुरू झालं. जिनचा भोंगा व्हायच्या आधी तू बादली घेऊन निघायचीस, सातही दारांसमोरून सावकाश जायचीस, खड्ड्यात ओतायचीस, वरून राख आणि माती टाकायचीस. सडणारं तेवढंच खड्ड्यात. चिंध्या बोहारणीला, काच आणि लोखंड भंगारवाल्याला, कागद चुलीला. कोणाला काही सांगायचं नाही, की हे करा आणि ते करा. मी एकदा म्हटलं, मावशी, लोकांना जागं करायला पाहिजे, जनजागृती करू. तू हसलीस. "जागे तर सगळेच आहेत रे. उठत नाई कोनी."

तुझं शहाणपण जिनमधलं होतं. तू म्हणायचीस, कापूस येते तर त्यातलं काय फेकतात सांग. रुई गाठीत जाते, सरकीचं तेल निघते, ढेप ढोरायच्या पुढे, वावरातली पऱ्हाटी चुलीत. शेठ उडालेली धूळसुद्धा झाडून गादीवाल्याले देते. तो येडा हाये का? मग आपनच काऊन इतके श्रीमंत झालो फेकाले?

आधी आली ती पाटलीणकाकू. तिला अंगणातल्या दोडक्याच्या वेलाला खत हवं होतं. तू म्हणालीस, टाकशीन तर नेशीन. मग तिचं पाहून गुरुजी, मग बाकीचे. काही जण मात्र चोरून खड्ड्याबाहेरच टाकून जायचे. त्यांच्यासाठी तुझी वेगळी रीत होती. त्यांचा कचरा तू कधी हातात घेतला नाहीस. काठीनं जरा हलवून पाहायचीस आणि कोणाचा ते ओळखायचीस. लाल शाईचे कागद गुरुजींचे. गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्या घरातली कोंबडीची हाडं, ती पाटलीणकाकूची. मग त्या दारात जाऊन उभी राहायचीस. "गुरुजी, तुमचं सामान तिथं पडून राह्यलं. घेऊन ठेवजा जागेवर." काकूला मात्र कानाशी जाऊन सांगायचीस, की बाई, हाडकं खोल टाकत जाजो, कुत्रे उकरते आन् गावभर करते. त्या हाडांची गोष्ट तू गल्लीत कोणाला कधी कळू दिली नाहीस. काकूनंच ती हसत हसत लेकाला सांगून ठेवली होती आणि काकू वारल्यावर त्यानं मला सांगितली, नाहीतर आज मी तरी लिहिली नसती.

शेवटपर्यंत अडून राहिले ते बाबूजी. त्यांचं कचऱ्याचं टिन भिंतीबाहेर ठेवलेलं असायचं. तू रोज सांगायचीस, ते रोज म्हणायचे, नेईल कोणीतरी. एक दिवस तू म्हणालीस, "कोनीतरी नावाचा मानूस या गल्लीत नाई राहत, बाबूजी." त्यानंतर आठ दिवसांनी ते सकाळी टॉवेलखाली टिन झाकून खड्ड्याकडे निघाले, जणू आत दुधाचा रतीब आहे. तू त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. न पाहणं हीसुद्धा तुझी रीत होती. दोन वर्षं लागली याला. त्या जागेवर गवत उगवलं, डुकरं दुसरीकडे गेली.

आणि मग मी माझं शहाणपण केलं.

कॉलेजचं श्रमदान शिबिर होतं सेवाग्रामजवळ. दहा दिवस झाडू हातात घेतला, गाणी म्हटली, सफाईत कमीपणा नाही हे ऐकलं. ऐकून खरोखर बरं वाटलं. ज्या पाटीची मला लाज होती, ती मी आपखुशीनं उचलू शकतो, याची छाती फुगली. परत आलो तर तू तळेगावला गेलेली, माझी आई आजारी म्हणून. तू नाहीस म्हणून गल्ली जरा सैल झालेली, सगळ्यांची टिनं दाराबाहेर तशीच. आणि त्याच आठवड्यात आमचे प्राध्यापक एका साहेबांना घेऊन आपला खड्डा पाहायला येणार होते. मी पहाटे उठलो, सातही घरांची टिनं उचलून खड्ड्यात रिकामी केली, जागा झाडली, कडेनं चुना टाकला. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तुझं नाव सांगितलं, पण जरा उशिरा सांगितलं. तेही आज कबूल करून टाकतो.

तू संध्याकाळी आलीस. मी मोठ्या अभिमानानं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तू म्हणशील, लेका, आता शिकला तू. तू एवढंच विचारलंस, कोनाकोनाचं उचललं? मी घरं मोजून दाखवली. तू जेवली नाहीस.

सकाळी भोंग्याआधी तू बादली घेऊन बाहेर आलीस. मी मागे होतो. सातही घरांपुढे टिनं ठेवलेली होती. भरलेली, नीट ओळीत. गुरुजींचंसुद्धा. बाबूजी ओट्यावर दात घासत होते. ते तुला आनंदानं म्हणाले, "सुभद्राबाई, बरं झालं. सुधाकर उचलतो ना आता. शिकलेला पोरगा, सेवाभावी आहे."

तू बादली रिकामी केलीस, परत आलीस, मला दाराबाहेर केलंस आणि कडी लावलीस. आतून बोललीस. आवाज चढवला नाहीस, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू आला.

"तू उचललं तर सेवा. माह्या मायनं जनमभर उचललं, तिले कोनी सेवा म्हटलं का? जाय. सातही घरी जाय आन् सांग, मी उचललं ते माह्यं चुकलं, पुन्हा नाई उचलनार. मंग घरात येजो."

मी पायरीवर बसलो. मला वाटत होतं, हिला स्वच्छतेपेक्षा स्वतःचा ताठा मोठा. चांगलं काम केल्याची माफी जगात कोणी मागतं का? शिबिरात मला कोणी हे शिकवलं नव्हतं. त्यांचं शिबिर दहा दिवसांचं होतं आणि तुझी गल्ली बारा महिन्यांची, एवढी साधी गोष्ट मला त्या पायरीवर चार तास बसून कळली. समोर सात टिनं उन्हात तापत होती. कोणी हात लावत नव्हतं. सगळे माझ्याकडे पाहत होते, की हा कधी उठतो. दोन वर्षांची तुझी मेहनत मी एका पहाटे खड्ड्यात टाकली होती, आणि ती सडून खत होण्यातली नव्हती.

उठलो. आधी गुरुजींकडे गेलो. म्हटलं, गुरुजी, तुमचा कचरा मी उचलला, माझं चुकलं, पुन्हा उचलणार नाही. ते हसायला लागले. मग हसता हसता थांबले, चष्मा काढून पुसला आणि पायात चपला घालून टिन उचललं. म्हणाले, "चूक तुझी असती तर बरं झालं असतं रे." पाटलीणकाकू मात्र रागावली. मंग आता कोन उचलन, तिनं विचारलं. मी म्हटलं, "तुम्हीच, काकू." मावशी, त्या वेळेपर्यंत मी कोणत्याही पाटलाच्या दारात उभं राहून असं सरळ बोललो नव्हतो. तळेगावात तर आमचे आजोबा त्या दारापासून दहा पावलं लांब उभे राहत. दोन शब्द होते, पण माझी पदवी मला त्या दिवशी मिळाली असं मी आजही माझ्या शाळेतल्या पोरांना सांगतो.

दुपारी परत आलो. तू दार उघडलंस. विचारलंस, सगळ्या घरी गेलता? मी हो म्हटलं. तू भाकर आणि आंबाडीची भाजी वाढलीस.

मी खोटं बोललो होतो. सहा घरी गेलो होतो. बाबूजींच्या फाटकापर्यंत गेलो, आत रेडिओ चालू होता, आणि मी वळलो. त्या माणसापुढे माझ्या तोंडून "माझं चुकलं" हे निघेना. ज्यानं "तुमच्यातलं कोणी" म्हटलं होतं, त्याची मी माफी मागू? दुसऱ्या दिवशी गल्लीतली सहा टिनं दाराबाहेर नव्हती आणि बाबूजींचं होतं. तिसऱ्या दिवशी होतं. चौथ्या दिवशी होतं. तू रोज त्याच्यापुढून बादली घेऊन जायचीस आणि मला एका शब्दानं विचारत नव्हतीस. आणि मग एके सकाळी ते टिन नव्हतं. बाबूजी खड्ड्याकडून परत येत होते आणि टिनावर टॉवेल नव्हता. कसं झालं ते तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. परीक्षा झाली, आष्टी तालुक्यात शाळेची नोकरी लागली, मी निघून गेलो. दर सुट्टीत येत राहिलो. प्रत्येक वेळी ठरवून यायचो, की या खेपेला सांगून टाकू. दहा वर्षं ठरवत राहिलो.

या दहा वर्षांत आपली भांडणं दुसऱ्याच गोष्टीवरून व्हायची. पन्नीवरून, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीवरून. किराणावाला पुड्याऐवजी पन्नीत द्यायला लागला तेव्हा मी म्हणत होतो, मावशी, सोय आहे, काळ बदलला. तू वर्षभरानं खड्डा उपसलास, काळंभोर खत निघालं, आणि त्यात एक निळी पन्नी, टाकली त्या दिवशी होती तशीच. तू ती धुऊन दोरीवर वाळत घातलीस आणि मला दाखवलीस. "पाह्य, हिले मरनच नाई." मग जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवून घरोघर दिल्यास. ही लढाई तू जिंकली नाहीस. किराणावाला अजून पन्नीत देतो, आणि मीही कधीकधी घेऊन येतो. त्या वादात तुझं खरं होतं, हे मान्य करायलाही मी तुझ्या जाण्याची वाट पाहिली. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला कळायला वेळ लागतो, मावशी. आम्ही आधी सगळं शब्दांत मांडून पाहतो.

परवा तुझं जलदान झालं. मंडप गल्लीतल्या त्याच मोकळ्या जागेवर घातला होता. वंदना झाली, लोक बोलले, मग पंगत बसली. आपल्याकडे तळेगावचे, इकडचेतिकडचे खूप नातेवाईक आलेले. गल्लीतली सगळी घरं आपल्याच पंगतीला जेवली. पळसाच्या पत्रावळी, वरणभात, वांग्याची भाजी. बाबूजी माझ्या शेजारी बसले होते. आता निवृत्त आहेत, एका कानानं कमी ऐकू येतं. वाढणं चालू असताना ते खाली पाहत म्हणाले, "तुझी मावशी एकदा माझ्या घरी आली होती. तू तेव्हा शिकत होतास."

मी हात थांबवला.

"म्हणाली, पोट्टं तुमच्या फाटकावर येऊन वापस गेलं. त्याले मी सात घरं सांगतली होती, त्यानं सहा केली. मले माहीत हाये. सातवं घर माह्यं होतं, म्हून मी आली." बाबूजींनी भातात वरण कालवलं. "मग म्हणाली, मीटिंगमधला तुमचा तो शब्द त्याच्या अजून घशात हाये. तुमच्या ध्यानात तरी हाये का?"

त्यांच्या ध्यानात होता की नव्हता, हे त्यांनी मला सांगितलं नाही. त्यांनी भात संपवला.

तर तुला माहीत होतं. त्याच दुपारी माहीत होतं, भाकर वाढताना. मी दहा वर्षं ओझं वागवत होतो आणि तू ते केव्हाच त्याच्या जागेवर नेऊन ठेवलं होतंस. खोटं बोलल्याबद्दल मी आज तुझी माफी मागतो. आणि एक सांगतो, की तुझ्या बहिणीच्या पोरासाठी तू त्या फाटकातून आत गेलीस, याचा मला जितका अभिमान वाटतो, तितका माझ्या कोणत्याच गोष्टीचा वाटत नाही.

जेवणं झाली. उष्ट्या पत्रावळी कोणी उचलायच्या, हा प्रश्न कोणत्याही पंगतीत असतो आणि त्याचं उत्तर पिढ्यान् पिढ्या कोणाच्या माथी होतं ते तुला आणि मला सांगायला नको. तळेगावचे आपले लोक सवयीनं हात धुवायला उठले. तेवढ्यात बाबूजी गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले, वाकून स्वतःची पत्रावळ दुमडली आणि खड्ड्याकडे चालायला लागले. मागे गुरुजी. मागे पाटलीणकाकूचा लेक आणि सगळी गल्ली. कोणी कोणाला काही सांगितलं नाही.

आपल्या दूरच्या नात्यातली एक बाई हे पाहत उभी राहिली. तिनं शेजारच्या पोरीला विचारलं, की बाई, हे काय, इथं पाहुणेच उचलतात का? ती पोरगी म्हणजे बाबूजींची नवी सून, गेल्या उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली. तुला तिनं पाहिलं ते बाजेवर पडलेलं पाहिलं. ती सहज म्हणाली, "इथं कोनी कोनाचं नाई उचलत. या गल्लीत पहिल्यापासूनच तसं आहे."

पहिल्यापासून. माझ्या तोंडात तुझं नाव आलं होतं. मीटिंग, कुदळ, कडी, सगळं तिला सांगावं असं वाटलं. मग त्या पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. तिला यात काही विशेष वाटतच नव्हतं. तू दोन वर्षं रोज सात दारांसमोरून गेलीस ती याचसाठी, की एक दिवस कोणाला यात काही विशेष वाटू नये.

मी काही बोललो नाही, मावशी. माझी पत्रावळ उचलली आणि तिच्या मागे रांगेत लागलो.